गोठ्यातील फटफटी आणि चोर्ल्याचा घाट

बेळगावहून जांबोटीवरून गोव्याकडे जो रस्ता जातो, त्या रस्त्यापासून थोडे आत, खानापूर तालुक्यात आमचा गाव आहे. पावसाळ्यात ह्या भागात सूर्यदर्शन दुर्लभ. मृगाचा पाऊस एकदा लागला की भाताची शेते तुडुंब भरतात, अंगणात शेवाळ धरते, आणि शाळेतून परतलेली मुले खिडकीशी बसून कंटाळून जातात. घरामागे आमच्या वडिलांनी बांधलेला गोठा आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, वर मंगलोरी कौले. म्हशी विकल्यापासून तो रिकामाच होता. सरपण, मोडका नांगर आणि कोंबड्यांचे खुराडे एवढेच काय ते तेथे होते.

२०२४ सालच्या जूनमध्ये ह्या गोठ्यात एक जुनी फटफटी येऊन उभी राहिली. त्यानंतर सहा महिने आमच्या घरातील मंडळी जेवणाखेरीज घरात क्वचितच सापडत. त्या सहा महिन्यांची आणि शेवटी केलेल्या एका प्रवासाची हकीकत वाचकांस सांगावी असे मनात आहे. तीत आमच्या एका चुकीचीही हकीकत येते. ती गाळून बाकीची सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

फटफटी होती १९८३ साली बनलेली येझदी. बेळगावातील एका वृद्ध गृहस्थांच्या जिन्याखाली ती दहा वर्षे पडून होती. जुने वाहन घेताना भुलू नये म्हणून आम्ही प्रथम कागद पाहिले. इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकातील क्रमांकांशी जुळवून घेतला. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. कागद नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी ती गाडी नव्हे, भंगार होय, हे आमच्या गावच्या मेस्त्रींनी बजावून ठेवले होते. हे मेस्त्री वयाने सत्तरीपुढचे. बेळगावात त्यांनी हयातभर दुचाक्या दुरुस्त केल्या, आणि आता ते गावी येऊन राहिले आहेत. मुले त्यांना मामा म्हणतात.

ह्या गाडीचा जन्मवृत्तांतही सांगण्यासारखा आहे. फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या झेक कारखानदाराने १९२९ साली प्राग येथे वांडरर ह्या जर्मन कंपनीकडून फटफटी बनविण्याचे हक्क घेतले, आणि त्या दोन नावांच्या आद्याक्षरांपासून ‘जावा’ हे नाव तयार झाले. पुढे रुस्तम आणि फारोख इराणी ह्यांनी म्हैसूर येथे ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला, आणि १९६१ पासून तेथे ह्या गाड्या बनू लागल्या. सत्तरीच्या दशकात गाडीचे नाव ‘येझदी’ झाले. इराणातील यझ्द शहरावरून ते घेतले असे सांगतात. कारखाना १९९६ साली बंद पडला. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे नव्या गाड्यांवर पुन्हा दिसू लागली, पण त्या गाड्या निराळ्या. जुन्या येझदीचा दोन नळकांड्यांतून निघणारा तो ठेक्याचा आवाज ऐकून आमच्या वयाची माणसे आजही मान वळवून पाहतात.

आम्हांस तीन मुले. थोरला सतरा वर्षांचा, मधली मुलगी तेरा वर्षांची, धाकटा आठ वर्षांचा. थोरला त्या वर्षी अकरावीत होता, आणि आमच्यात व त्याच्यात बोलणे असे उरले नव्हते. ‘अभ्यास झाला का?’ आणि ‘झाला’ एवढ्यावर आमचा संवाद संपे. आम्ही पेशाने शिक्षक. वर्गात प्रश्न विचारण्याची आणि उत्तर तपासण्याची सवय घरीही सुटत नाही. फटफटी घेण्यामागे आमचा जो हेतू होता तो आम्ही कोणाजवळ बोललो नव्हतो. परंतु मुलांच्या आईने तो ओळखला होता. “गाडी सुरू नाही झाली तरी चालेल,” ती एवढेच म्हणाली.

कामाची वाटणी पहिल्याच दिवशी झाली. गोठ्यात दिवा, काडी किंवा डासांची अगरबत्ती पेटवायची नाही. अनवाणी यायचे नाही. साखळीजवळ बोट न्यायचे नाही. हे तीन नियम मामांनी घालून दिले. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून त्यांवरची धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यायचे, हा चौथा नियम आम्ही वाचून घातला. थोरल्याकडे पाने आले. धाकट्याकडे डिझेलचा डबा आणि जुना दात घासण्याचा ब्रश आला; निघालेला प्रत्येक भाग तो घासून लख्ख करी, आणि जेवताना त्याच्या हातांस डिझेलचा वास येई. मधलीने एक शंभर पानी वही घेतली. कोणता भाग कोठून निघाला, कोणत्या क्रमाने निघाला, कोणी काढला आणि कोणी बसवला, हे ती तारीखवार लिहू लागली. वॉशर कोणत्या बाजूने होता हेसुद्धा ती चित्र काढून ठेवी. आम्हांस हा मुलीचा खेळ वाटला. त्या वहीचे मोल पुढे कळायचे होते.

ह्या गाडीचे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे. त्यास निराळे वंगण नाही. पेट्रोलातच तेल मिसळून घालावे लागते, आणि तेच तेल जाता जाता आतील भागांस वंगण पुरवते. लिटरला चाळीस मिलिलिटर हे प्रमाण मामांनी ठरवून दिले. तेल जळून जी काजळी धरते, तिने धूर निघण्याची वाट हळूहळू बुजत जाते. आमच्या गाडीच्या नळकांड्यांतून धाकट्याने काजळी खरवडून काढली ती करवंटीभर निघाली. पेट्रोलच्या टाकीत गंज होता. तीत बारीक खडी आणि डिझेल घालून मुलांनी पाळीपाळीने टाकी हलवली. त्या दिवशी पाऊस कौलांवर आणि खडी टाकीत असा दुहेरी नाद गोठ्यात चालला होता.

रबराच्या नळ्या मात्र सगळ्या नव्या घेतल्या. आजकाल पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील पाणी शोषून घेते, आणि जुन्या काळचे रबर त्याने फुगते किंवा चिरते. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा, हा धडा जुन्या गाड्यांच्या मालकांनी लक्षात ठेवावा.

गाडीची एक गंमत मुलांस फार आवडली. येझदीची किक आणि गिअर ह्यांचा दांडा एकच असतो. तो आत दाबून वर फिरवला की किक होते, आणि गाडी सुरू झाल्यावर पुढे आणून ठेवला की तोच गिअरचा दांडा होतो. धाकटा हे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकास दाखवी.

आता त्या चुकीची हकीकत.

ऑगस्टच्या मध्यास गाडी जुळून उभी राहिली. शनिवारी संध्याकाळी ती सुरू करून पाहायची असे ठरले, आणि शेजारची दोनचार माणसे गोठ्याच्या दाराशी येऊन बसली. वीस किका मारल्या, गाडी ढिम्म. आम्ही प्लग काढला, पुसला, बसवला. पुन्हा काढला, पुन्हा बसवला. तेवढ्यात वीज गेली. दारातून कोणीतरी म्हणाले, “गुरुजी, बैल बरा होता.” सगळे हसले. त्या अंधारात, त्या हसण्यात, आम्ही प्लग शेवटचा बसवला तो हाताने न फिरवता सरळ पान्यानेच. तो जड गेला. आम्ही जोर लावला.

मामांनी पहिल्या दिवशी जे शिकवले होते ते असे: प्लग आधी बोटांनी फिरवावा. बोटांनी दोनतीन फेरे सहज गेला तर आटे जुळले असे समजावे, आणि मगच पाना लावावा. वरचे झाकण ॲल्युमिनियमचे, प्लग पोलादाचा. वाकडा गेला तर पोलाद ॲल्युमिनियमला कापत जाते.

दुसऱ्या दिवशी रविवारी तीच मंडळी पुन्हा जमली. मामाही आले. ठिणगी पडते की नाही पाहावे म्हणून आम्ही थोरल्यास प्लग काढावयास सांगितले. त्याने काढला, तो प्लगाभोवती ॲल्युमिनियमचा चमकता कीस गुंडाळलेला निघाला. झाकणातले आटे गेले होते. आणि आम्ही, सगळ्यांच्या समक्ष, त्या मुलाला बोललो. किती वेळा सांगायचे, हाताने फिरवायचा म्हणून? एवढे साधे लक्षात राहत नाही, तर पुढे तुझे काय होणार? गाडीवरून सुरुवात झाली ती अकरावीच्या गुणांपर्यंत गेली.

तो काही बोलला नाही. पाना त्याने जागेवर ठेवला, फडक्याने हात पुसले, आणि निघून गेला. त्यानंतर तो गोठ्यात आला नाही.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही एकटेच गोठ्यात बसलो होतो. मधली वही घेऊन आली. शनिवारच्या पानावर बोट ठेवून तिने विचारले, “बाबा, इथे मी लिहिले आहे, ‘प्लग बाबांनी बसवला, पान्याने.’ ते खोडून दादाचे नाव लिहू का?”

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. वही बरोबर असावी एवढीच तिची इच्छा होती. आम्ही बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिलो. खरे पाहता शनिवारी तो प्लग जड गेला तेव्हाच आमच्या हातास कळले होते. रविवारी ओरडताना ते आम्ही विसरलो होतो असेही म्हणवत नाही. आमच्या मनाच्या एका कोपऱ्यास ते ठाऊक होते, आणि कदाचित म्हणूनच आवाज इतका चढला होता. वर्गात पंचवीस वर्षे आम्ही मुलांना सांगत आलो की चूक कबूल करणारा मोठा. परंतु स्वतःच्या मुलापुढे कबूल करण्याचा प्रसंग आला तेव्हा जीभ टाळूस चिकटली.

“खोडू नकोस,” आम्ही म्हणालो.

थोरला शेताच्या बांधावर पाणी काढून देत होता. तेथवर जाण्यास पाच मिनिटे लागतात. त्या दिवशी अधिक लागली. आम्ही त्याला सांगितले, “प्लग मी वाकडा बसवला होता. तुला उगाच बोललो. मला क्षमा कर.” त्याने फावडे थांबवले नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “आटे परत पाडता येतात, बाबा. मी मामांना विचारले आहे. मोठे भोक पाडून आत पितळेचा बुश बसवतात आणि त्यात नवे आटे पाडतात. उद्यमबागेत करून मिळेल.” बोलला नव्हता तरी चार दिवस तो त्याच विवंचनेत होता.

त्याला आम्ही चार माणसांत बोललो होतो. म्हणून पुढच्या रविवारी त्याच चार माणसांत आम्ही खरे काय ते सांगितले. मामांनी विडी काढली, नियम आठवून परत खिशात ठेवली, आणि म्हणाले, “गुरुजी, इंजिनाला तुम्ही गुरुजी आहात हे ठाऊक नसते.”

बेळगावच्या दक्षिणेस उद्यमबाग ही कारखान्यांची वसाहत आहे. बेळगाव हे ओतकाम आणि यंत्रकाम ह्यांसाठी नावाजलेले शहर. लेथ, ड्रिल, भट्ट्या ह्यांच्या गजरात तेथे मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदतात. कापडी पिशवीत झाकण घालून आम्ही बापलेक बसने तेथे गेलो. ज्या लहानशा कारखान्यात गेलो तेथल्या टर्नरने झाकण हातात घेऊन विचारले, “कोणी केले हे?” थोरल्याने आमच्याकडे पाहिले. “मी,” आम्ही म्हणालो. “सगळेच करतात,” असे म्हणून त्याने झाकण मशीनवर बांधले. खराब झालेले आटे काढून भोक मोठे केले, त्यात आटे पाडून पितळेचा बुश घट्ट बसवला, आणि बुशाच्या आत प्लगाच्या मापाचे, चौदा मिलिमीटरचे नवे आटे पाडले. तासाभराचे काम. मूळच्यापेक्षा हे टिकाऊ, असे तो म्हणाला. परतीच्या बसमध्ये थोरल्याने झाकण मांडीवर धरले होते, आणि बुश कसा बसतो हे तो आम्हांस पुन्हा पुन्हा समजावून सांगत होता. ते आम्हांस एकदा ऐकूनच समजले होते. पण आम्ही ऐकत राहिलो.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी सुरू झाली. सहाव्या किकेला. गोठा निळ्या धुराने भरला, कोंबड्या सैरावैरा पळाल्या, आणि धाकटा इतक्या मोठ्याने ओरडला की मुलांची आई हातातले लाटणे घेऊनच धावत आली. मग विमा, धुराचे प्रमाणपत्र आणि नोंदणीची तपासणी ह्यांत दोन महिने गेले.

नाताळच्या सुटीत, २७ डिसेंबरला, म्हापशाजवळ मुलांच्या आत्याकडे जायचे ठरले. थोरल्यास गाडी चालवायची होती. परंतु गिअरच्या गाडीस वयाची अठरा वर्षे आणि परवाना लागतो. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकास पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट जिवाची. “अजून पाच महिने,” आम्ही म्हणालो, आणि ह्या वेळी त्याने तोंड फिरवले नाही. जाताना मागे थोरला आणि येताना मधली बसेल, बाकीची मंडळी बसने येतील, असा करार झाला. दोन शिरस्त्राणे, हत्यारांची पिशवी आणि एक जादा प्लग घेऊन सकाळी सात वाजता आम्ही निघालो.

जांबोटी सोडली की दोन्ही बाजूंस रान दाट होत जाते. डिसेंबरची थंडी होती. गवतावर दव होते. इंजिनाची ऊब गुडघ्यांस बरी वाटत होती. पुढे कणकुंबी लागते. येथे मलप्रभा नदीचा उगम आहे. येथून ती पूर्वेकडे वाहत जाते आणि कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. कृष्णेचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरास जाते. येथून थोडे पश्चिमेकडे सरकले की मात्र पडणारा पाऊस मांडवीच्या वाटेने अरबी समुद्रास मिळतो. दोन पावलांच्या अंतराने पडलेल्या दोन थेंबांची ताटातूट एवढी मोठी. थोरल्याने हे भूगोलात पाठ केले होते. रस्त्याच्या कडेला उभे राहून ते त्याने प्रथमच पाहिले.

चोर्ल्याहून घाट उतरू लागतो. दरीत धुके भरले होते. एका वळणावर ते विरले आणि खाली अंजुणे धरणाचे पाणी आरशासारखे चमकले. आम्ही पाहतच राहिलो. त्या नादात मामांची एक सूचना विसरलो: टू-स्ट्रोक गाडी लांब उतारावर नुसती सोडू नये, पेट्रोल बंद म्हणजे त्यातले तेलही बंद, मधून मधून मूठ थोडी पिळावी, म्हणजे वंगण मिळते आणि प्लगही चोंदत नाही. अर्धा घाट उतरलो आणि इंजिन दोनदा अडखळून गप्प झाले.

गाडी कडेला घेतली. प्लग काढून पाहिला तो तेलाने काळाकुट्ट. “मूठ पिळायची विसरलो,” आम्ही आपण होऊन सांगून टाकले. थोरला हसला. जादा प्लग त्याने पिशवीतून काढला आणि आमच्यापुढे धरला. “तुम्ही बसवता की मी?”

“तू बसव,” आम्ही म्हणालो.

त्याने प्लग बोटांत धरला, डोळे मिटल्यासारखे केले, आणि हळूच फिरवला. एक फेरा, दोन फेरे, तीन फेरे. पितळेच्या बुशात तो लोण्यात बोट जावे तसा गेला. मग त्याने पाना लावून बेताने आवळला. आम्ही शिरस्त्राणे हातात घेऊन उभे होतो. दुसऱ्या किकेला गाडी बोलू लागली.

केरी, साखळी, डिचोली करीत आम्ही दुपारपूर्वी म्हापशास पोचलो. आत्याच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा बस आधीच पोचली होती, आणि मधली वही उघडून उभी होती. काय काय झाले हे तिने विचारून घेतले व लिहिले: ‘चोर्ला घाट. प्लग चोंदला, बाबा मूठ पिळायला विसरले. नवा प्लग दादाने बसवला, हाताने.’

परतीच्या प्रवासात मधली मागे बसली होती. चढावर ती आमच्या कानाशी ओरडून आठवण करून देई, “बाबा, मूठ!” चढावर त्याची गरज नसते हे आम्ही तिला सांगितले नाही.

फटफटी अजून त्याच गोठ्यात आहे. मे महिन्यात थोरल्यास अठरा वर्षे पूर्ण झाली, आणि परवाना मिळाल्यावर गावच्या रस्त्यावर तो तिच्यावर बसला. आम्ही दाराशी उभे राहून पाहत होतो. वाचक बंधुभगिनींनो, जुनी गाडी दुरुस्त करण्याचा खर्च किती आला असे आम्हांस पुष्कळ लोक विचारतात. हिशेब वहीत आहे, आणि तो थोडा नाही. परंतु त्या वहीतील जे पान आम्ही अधूनमधून उघडून पाहतो ते हिशेबाचे नव्हे. ते ऑगस्टमधल्या त्या शनिवारचे. त्यावरची ती ओळ कोणी खोडलेली नाही.